दोन हजार एकोणपन्नास सालचा रुपया

कपाशीची पहिली बोंडं उकलली की माझ्या उजव्या हाताचा अंगठा खाजायला लागतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. डॉक्टर तरुण आहेत, त्यांना वयाचं काय कळतं. ती खाज नाण्यांची आहे. आर्वी डेपोला तीस वर्षं कंडक्टरकी केली. चामड्याच्या थैलीत हात घातला की डोळ्यांचं काम अंगठाच करायचा. हा चाराणा, हा आठाणा, हे श्रीलंकेचं, आणि हे नाणंच नाही, कुणाच्या तरी कोटाचं बटन आहे. एकदा मागच्या बाकाखाली काहीतरी खणकलं, तेव्हा मी पुढच्या दारातूनच सांगितलं, "जपानचं आहे, मधात भोक आहे, उचलून ठेवा." उचललं तर खरंच भोक होतं. जपानचं होतं की वॉशर होतं, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला.

आता निवृत्त आहे. सकाळी गच्चीवर उभा राहिलो की बाजार समितीकडे निघालेल्या गाड्या दिसतात, कापसाने इतक्या फुगलेल्या की खालचं चाक दिसत नाही. ढग भाड्याने घेऊन कुणी गावाला निघालंय असं वाटतं. हवा कोरडी, उन्हाला हलकी धार, आणि कुठूनतरी ओल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडांचा, तुरट वास. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा हा मोसम मी कधी घरात बसून पाहिलाच नव्हता. तो मी आर्वी-रोहणा-वर्धा फेरीच्या खिडकीतून पाहिला आणि नाकातून हुंगला. त्या दिवसांत गाडीत कापूस इतका उडायचा की आमचा ड्रायव्हर काचेचा वायपर आतून बसवून मागायचा. रोहण्याला चढलेला तरणाबांड माणूस आर्वीला उतरेपर्यंत पांढऱ्या केसांचा म्हातारा झालेला असे. एकाला तर स्टँडवर घ्यायला आलेल्या बायकोने ओळखलं नाही अशी वदंता होती. वदंता मीच उठवली होती, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

मोसमात हातात चिल्लर खेळे आणि गर्दीत कोण काय देतोय ते कळत नसे. त्याच गर्दीत रुपयाच्या नावाखाली जगभरची नाणी माझ्या थैलीत येऊन पडत. वर्ध्याकडे, पवनारकडे आश्रम पाहायला परदेशी लोक येत. त्यांच्या खिशातून गळलेली नाणी चहावाल्याकडून पानवाल्याकडे, पानवाल्याकडून म्हातारीच्या कनवटीला, आणि तिथून माझ्याकडे. मी मुकाट्याने आपला रुपया थैलीत टाकायचो आणि ते पाहुणं वरच्या खिशात ठेवायचो. घरी बिस्किटांचा एक डबा होता, त्यात ही मंडळी राहत. सौ. म्हणे, "शेजारच्याच्या घरी रंगीत टीव्ही आला अन् आपल्या डब्यात ओमानचा सुलतान."

पण ओळखण्यात जी मजा आहे ती टीव्हीत नाही. नाणं कुठलं हे कळणं सोपं असतं, कधीचं हे कळणं अवघड. वर्ध्याच्या एका रद्दीवाल्याकडे मला नाण्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. देश एबीसीडीच्या क्रमाने होते, आणि पुस्तक मोरोक्कोपर्यंतच शिल्लक होतं. पुढचं सगळं जग फुटाण्यांच्या पुड्यांत गेलं होतं. तरी मोरोक्कोपर्यंत मी पक्का होतो. चारमिनारवालं निजामाचं नाणं आलं आणि त्यावर १३४२ दिसलं, तर लोक म्हणत साडेसहाशे वर्षांपूर्वीचं. मी सांगे, बाबांनो, ते हिजरी साल आहे, चंद्राचं. चंद्राचं वर्ष आपल्यापेक्षा अकरा दिवसांनी आखूड, म्हणून नुसती बेरीज करून भागत नाही. तेराशे बेचाळीसमधून शेकडा तीन काढा, सहाशे बावीस मिळवा, की येतं एकोणीसशे चोवीसच्या आसपास. जपानवाले तर आणखी पुढचे. त्यांच्या नाण्यावर राजा गादीवर बसून कितवं वर्ष चालू आहे तेवढंच. राजा बदलला की वर्ष पुन्हा एकपासून.

पवनारच्या फेरीला एकदा थायलंडचे एक भिक्खू माझ्या शेजारच्या सीटवर बसले होते. मी खिशातलं त्यांच्या देशाचं नाणं काढलं. त्यांनी बोटाने हवेत ५४३ लिहिलं आणि वजाबाकीची खूण केली. बुद्धाच्या निर्वाणापासून मोजतात ते. मला त्या दिवशी वाटलं, प्रत्येक मुलखाने आपल्या मनात एक खुंटी ठोकून ठेवलेली असते आणि काळाची दोरी तिथून मोजायला घेतलेली असते. खुंटी कुठे आहे ते माहीत नसेल तर दोरीची लांबी सांगता येत नाही. हे फार थोर वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं आणि दोनच मोसमांत साफ विसरलो.

विसरलो ते द्वारकाबाईच्या रुपयापाशी.

शहाण्णव सालचा मोसम. द्वारकाबाई रोहण्याची. पन्नाशीच्या अलीकडची, काटक, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं मोजकं. आठवड्याच्या बाजाराला माझ्याच गाडीने येई. त्या दिवशी तिकिटाचे पैसे देऊन झाल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि एक नाणं पुढे केलं.

"भाऊ, तुमाले समजते म्हनतात. याचं साल सांगता का?"

नाणं धुराने आणि साखरेच्या चिकट्याने लडबडलेलं. नखाने थोडं खरवडलं. एका बाजूला खंजीर आणि त्याच्या आसपास अगदी आपली बाळबोध अक्षरं: श्री भवानी. झालं, माझ्या अंगात आलं. भवानी आणि शस्त्र, एकाच नाण्यावर. मराठी माणसाला आणखी काय लागतं. मी गाडीच्या मधोमध उभा राहिलो आणि जाहीर केलं की हे नाणं छत्रपतींच्या काळातलं आहे, तीनशे वर्षं जुनं, रायगडावरून निघालेलं, आणि नागपूरकर भोसल्यांच्या एखाद्या घोडेस्वाराच्या कमरेतून आपल्या मुलखात पडलेलं. घोड्याचा रंगही सांगितला. गाडीतली निम्मी माणसं उभी राहिली. एकाने नाण्याला हात लावून कपाळाला लावला. ड्रायव्हरने गाडी हळू केली.

अंगठा मात्र कुरकुरत होता. तो सांगत होता, हे स्टील आहे. तीनशे वर्षांपूर्वी स्टीलचं नाणं कोण पाडणार होतं? पण टाळ्या पडत असताना अंगठ्याचं ऐकणारा कंडक्टर अजून जन्माला यायचा आहे.

द्वारकाबाईचा चेहरा मात्र उतरला. एवढं मोठं नाणं निघाल्यावर बाई खूश व्हायला हवी, ही उतरली काऊन? तिने नाणं परत गाठीला मारलं आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

कारण मला परतीच्या फेरीत रोहणा फाट्यावर कळलं. तिथे गुणवंतची चहाची टपरी होती. गुणवंत बापाच्या माघारी नुकताच टपरीवर बसायला लागला होता.

"मनोहरभाऊ, थे नानं मीच देल्लं द्वारकाकाकूले," तो म्हणाला. "बुढ्याचा गल्ला साफ करून राह्यलो होतो. खालच्या कप्प्यात सिगारेटच्या पाकिटाच्या कागदात गुंडायलेलं भेटलं. कागदावर हिंदीत लिव्हलं होतं, रोहना, द्वारका को देना. कोन्या ट्रकवाल्यानं ठेवलं असन. बुढा इसरला, अन् मंग मेला."

"कधी ठेवलं?"

"थेच तर कोनाले मालूम नाई. म्हून तर काकू साल इचारून राह्यली होती. तुमाले तिची गोष्ट मालूम नाई का?"

मला मालूम नव्हती. द्वारकाबाईचा नवरा पुंडलिक. पंच्याऐंशीच्या माघात थोरल्या भावाने, महादेवरावांनी, त्याला पारावर चार लोकांसमोर थोबाडीत मारली. कारण एवढंच की पुंडलिक म्हणत होता, यंदा अर्ध्या वावरात कपाशी नको, संत्र्याची कलमं लावू. त्याच दुपारी तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. परत आला नाही, पत्र नाही, सांगावा नाही. माझ्याच गाडीने गेला असेल. तिकीट मीच फाडून दिलं असेल. माझ्या डोक्यात जगातल्या चाळीस राजांचे चेहरे पक्के होते आणि हा एक चेहरा नव्हता.

आता येत्या माघात बारा वर्षं होत होती. बारा वर्षं माणसाची खबर लागली नाही तर तो गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा आणि कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोने कुंकू पुसायचं, अशी रीत. महादेवराव रीतीचा माणूस. कापूस घरात आला की माघात विधी, असं त्यांनी भटजींना सांगून टाकलं होतं. बारा वर्षं मोजायची ती शेवटची खबर लागल्यापासून. नाणं जर पुंडलिक गेल्यानंतर पाडलेलं असेल तर तेच त्याची खबर. आणि ते तीनशे वर्षांपूर्वीचं असेल तर ती खबरच नाही. जुनं नाणं कुणाच्याही हातात, कधीही असू शकतं.

म्हणजे घोड्याच्या रंगासकट मी जी गोष्ट ठोकून दिली होती तिने त्या बाईचं कुंकू पुसायला पाणी आणून ठेवलं होतं. महादेवरावांच्या कानावर ती संध्याकाळीच गेली होती. ते म्हणाले होते, "कंडक्टर म्हनते न, शिवशाहीचं हाय. मंग मिटला इषय."

आयुष्यात मी हजार गोष्टी फुगवून सांगितल्या. पुराच्या वेळी गाडी पोहत गेली हे सांगितलं. वाघाने हात दाखवून गाडी थांबवली हे सांगितलं, आणि त्याला सुट्टे नव्हते हेही. त्यातल्या एकाही गोष्टीने कधी कुणाच्या ताटातला घास कमी झाला नव्हता. त्या आठवड्यात मला घरचं पिठलं गोड लागेना. सौ.ने विचारलं, "काय झालं? खोटं पकडलं गेलं का?" मी म्हणालो, "नाही. लोकांनी खरं मानलं."

साप्ताहिक सुटी आली तसा मी रोहण्याला गेलो. द्वारकाबाईच्या वावरात त्या दिवशी सीतादही होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिली वेचणी सुरू करायच्या आधी वावराच्या एका कोपऱ्यातल्या कपाशीच्या झाडांना हळदकुंकू वाहतात, दहीभात शिंपडतात, आणि पहिलं बोंड सवाष्णीच्या हाताने वेचतात. मग बाकीच्या बायका कमरेला ओटी बांधून सरींत शिरतात. वावर असं पांढरं झालेलं असतं की सावळ्या माणसाला त्यात उभं राहायला संकोच वाटावा. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्या बोटांना टोचतात, आतला कापूस मात्र उन्हाने कोमट असतो, नुकत्या जागल्या लेकराच्या गालासारखा. बायका एकमेकींना टोमणे मारत होत्या. एक म्हणाली, "बाई, पुढच्या साली पयलं बोंड कोन येचन वं?" आणि मग आपण काय बोललो ते तिच्याच ध्यानात आलं. सगळ्या जणी एकदम कपाशीत वाकल्या.

महादेवराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले होते. उंच, ताठ, मिशा कातरलेल्या. द्वारकाबाई भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलत नसे. पदर पुढे ओढून ती माझ्याकडे पाहून बोले आणि ते आभाळाकडे पाहून उत्तर देत. मधे मी, टपालाच्या पेटीसारखा.

"वहिनी, ते नाणं एकदा पुन्हा पाहू द्या," मी म्हणालो. "मी धुतल्याशिवाय बोललो. चूक झाली."

तिने गाठ सोडली. धुवायला तिथे काय होतं? दहीभाताच्या वाटीतलं आंबट दही. तिने तेच बोटावर घेतलं आणि नाणं चोळायला लागली. धूर निघाला, साखर निघाली. खंजिराच्या उलट बाजूला त्रिशूळ आला. भोवती एकेका पाकळीत एकेक अक्षर होतं, ती जोडत गेलो. मग कडेला एक शब्द वर आला: नेपाल. आणि खाली आकडे. आपलेच, देवनागरी, पाटीवर गिरवतो तसे. २०४९.

मी पुन्हा वाचलं. दोन हजार एकोणपन्नास.

महादेवराव उठून आले. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी आकडे पाहिले आणि पहिल्यांदाच हसले.

"काय रे कंडक्टर. परवा तीनशे वर्सं मांगं होतं, आज पन्नास वर्सं पुढं गेलं? हे साल तर अजून यायचं हाय."

"शके असेल," मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

"शके चालू हाय एकोनीसशे अठरा. मालूम हाय मले. मंग तं आनखी सव्वाशे वर्सं थांबा लागते." त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "खोटं हाय हे. खेळातलं. कोन्यातरी हुशार मानसानं छापलं अन् सालाचा इचार केला नाई."

द्वारकाबाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या बोटाला दही तसंच होतं. मोरोक्कोच्या पुढचंच पान नेपाळचं असणार होतं, आणि ते पान फुटाणे खाऊन कुणीतरी आर्वीच्या रस्त्यावर फेकून दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढा हिजरी, जपानी, थायलंडी सालांचा पंडित, याला कळू नये? नाही कळलं. त्यावर मी पुढे बराच विचार केला. अरबी आकडे असते तर मी सावध झालो असतो, म्हणालो असतो, हे परकं घर आहे, इथली खुंटी शोधली पाहिजे. पण अक्षरं आपली, आकडे आपले, देवी आपली. घरातल्याच माणसाला त्याचा पत्ता कोण विचारतो? परक्याशी आपण नीट वागतो. चुका होतात त्या आपल्यासारख्या दिसणाऱ्यांशी.

पुढचे पंधरा दिवस मी त्या नाण्याचा आकडा डोक्यात घेऊन तिकिटं फाडली. मग एक दिवस आर्वीला बन्सीलालजी गाडीत चढले. बन्सीलालजी किराण्याचे व्यापारी, गोरेपान, तीन पिढ्या आर्वीत, मराठी आमच्यापेक्षा वऱ्हाडी. लेकीचं लग्न होतं. पिशवीतून केशराच्या शिंतोड्याची पत्रिका काढून माझ्या हातात दिली.

"येजो मनोहरभाऊ. जेवल्याबिगर जाजो नको."

मी शिष्टाचार म्हणून पत्रिका उघडली. गणपती, मग श्लोक, मग मिती. मार्गशीर्ष शुक्ल अमुक, संवत् २०५३.

मी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "कोन उतरते?" कुणीच उतरत नव्हतं.

"बन्सीलालजी, हे दोन हजार त्रेपन्न काय आहे?"

"साल हाय. या सालचं," ते म्हणाले, जणू मी सूर्य कुठून उगवतो हे विचारत होतो. "विक्रम संवत. आमच्यात हेच लिव्हतात. नेपाळात तं सरकारी कागदावर बी हेच चालते म्हनतात."

"म्हणजे दोन हजार एकोणपन्नास?"

"चार वर्सं झाले त्याले. संवतातून सत्तावन्न वजा करा, इंग्रजी साल निंघते. ब्यान्नव-त्र्यान्नव."

चार वर्षं. पुंडलिक घरातून निघाला त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती आणि नाणं चार वर्षांचं होतं. म्हणजे निघाल्यावर सात वर्षांनी तरी हिमालयाच्या पायथ्याशी कुणीतरी एक रुपया हातात घेतला होता आणि रोहण्यातल्या एका बाईचं नाव उच्चारलं होतं.

मी पत्रिका घेऊन रोहण्याला गेलो आणि सरळ महादेवरावांच्या ओसरीवर चढलो. सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कंडक्टर, तुह्या वाघाची गोष्ट माह्या नातवाईले पाठ हाय."

इथे माझी सगळी कमाई माझ्यासमोर उभी राहिली. तीस गावांत माझी गोष्ट ऐकायला माणसं गाडी चुकवत, आणि जिथे एक आकडा खरा सांगायचा होता तिथे माझ्या शब्दाला सुट्ट्या पैशाचीही पत नव्हती. मी आवाज चढवला नाही. घोडा आणला नाही. पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली, वर नाणं ठेवलं.

"माझं ऐकू नका. बन्सीलालजींच्या दुकानात तुम्ही वीस वर्षं जाताय. त्यांच्या लेकीच्या लग्नाचं साल ते खोटं छापतील का? वजाबाकी तुम्हीच करा."

महादेवरावांनी बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं. एकदा चुकले, पुन्हा सुरू केलं. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. ते बोटांकडे पाहत राहिले, आणि मला दिसलं की त्यांचा उजवा हात, जो त्या दिवशी पारावर उठला होता, तोच हात मोजतोय. माणसाला विधी उरकून टाकायची घाई का असते हे मला तेव्हा थोडं कळलं. त्यांना भावाला जाळायचं नव्हतं, ती दुपार जाळायची होती.

"चार वर्सं," ते शेवटी म्हणाले. "मंग बारा वर्सं याच्यापासून धरा लागन. भटजीले निरोप देतो." आणि भिंतीकडे पाहून जोडलं, "पयलं बोंड दरसाली जे येचते थेच येचन."

हे सगळं लिहिताना मला एक फार मोठा मोह होतोय तो कबूल करतो. पुंडलिक परत आला असं लिहायला मला एक ओळ पुरते. बारीकसारीक तपशिलांची मला कमतरता नाही: टोपी, पिशवी, गाडीच्या दारातलं त्याचं थबकणं, तिकिटासाठी पुढे केलेला हात. वाघाला ज्याने तिकीट दिलं त्याला एक माणूस आणणं काय अवघड आहे. पण या एका गोष्टीत मी शपथ घेतली आहे. मी हे लिहितोय तोपर्यंत तो आलेला नाही.

त्या रुपयाने मात्र बरंच काही आणलं. द्वारकाबाईने पुढच्याच वर्षी अर्ध्या वावरात संत्र्याची कलमं लावली, आणि महादेवरावांनी स्वतः खड्डे मोजून दिले. मृगाचा बहार आला की त्या वावराजवळून जाताना मी गाडीच्या खिडक्या उघडायला लावायचो. वासाने गाडी दोन बोटं उचलली जायची. तुमचा विश्वास नसेल तर ड्रायव्हरला विचारा. तो म्हणेल एकच बोट.

मग दोन हजार चार उजाडलं. पुन्हा बोंडं उकलली, पुन्हा खिडक्यांतून कापूस आत आला, आणि नाण्यापासून मोजलेली बारा वर्षंही येत्या माघात भरत आली. गावात कुणी बोलत नव्हतं, पण मोजत सगळेच होते. अशात एका सकाळी आर्वी स्टँडवर महादेवराव माझ्या गाडीशी आले. ऐंशीला टेकलेले, पाठीत वाकलेले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. नागपूरला डोळ्याचं ऑपरेशन करून महिनाभर भाचीकडे राहून आले होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि बंडीच्या आतल्या खिशातून एक नाणं काढलं.

"मनोहर, हे पाय बरं. गुनवंतच्या गल्ल्यात भेटलं म्हनते. साल सांग."

नाणं नवंकोरं होतं, ओठांना लावलं तर चटका बसेल इतकं चकचकीत. गुणवंतची टपरी रस्ता रुंद करताना उठली त्याला तीन वर्षं झाली होती. गल्लाही गेला होता आणि गुणवंत पुलगावला. हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. नागपुरात दर दुसऱ्या बंगल्याच्या फाटकावर नेपाळी पहारेकरी असतो हेही आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांचा उघडा डोळा माझ्या तोंडावर टेकला होता.

मी अंगठा फिरवला. आकडे वाचले.

"दोन हजार साठ. उणे सत्तावन्न. मागच्या वर्षीचं आहे."

"पक्कं?"

"साल पक्कं आहे," मी म्हणालो. त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं.

"मंग बारा वर्सं मांगल्या सालापासून धरा लागन."

"लागेल."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू चाल संगं. तूच सांग तिले. माह्यावर ते इस्वास ठेवनार नाई."

आम्ही वावरात पोहोचलो तेव्हा सीतादहीची मांडणी झाली होती. द्वारकाबाईने पदर पुढे ओढला. मी सांगितलं, कुठे मिळालं म्हणतात, साल कोणतं, बारा वर्षं कुठून. ती ऐकत होती आणि नाणं दोन बोटांत धरून उन्हाकडे फिरवत होती. त्यावर ना धूर होता ना साखर. तिने एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा धुऱ्यावर पाठ करून उभ्या असलेल्या त्या वाकलेल्या माणसाकडे. मग नाणं कनवटीला लावलं, वाकून पहिलं बोंड वेचलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाली,

"भाऊ, त्याईले सांगा, धरा म्हना अजून बारा. पन घरी यायले इतके लागत नाई."